फळ्यावर आज काय आहे?

ए-१०२ : दूध आणायला गेले होते, मावशींच्या खानावळीचा फळा वाचून आले. शेवळाची (पावसाळी रानभाजी) भाजी, वालाचं बिरडं, जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी, आमटी-भात. संध्याकाळी कांदाभजी, आज कांदेनवमी ना! शेवळं थोडीच दिसली, हवी असतील त्यांनी साडेबाराच्या आत जा.

सी-४०३ : नमस्कार. आम्ही मार्चमध्ये राहायला आलो. मावशींच्या हाताला चव आहे, प्रश्नच नाही. पण शनिवारी घरी आठ पाहुणे होते, भरलं वांगं सांगायला गेलो तर नाही म्हणाल्या. मार्चमध्ये खाल्लेली काजूची उसळही नाही. सोसायटीच्या कमिटीने त्यांना एक ठरलेलं मेनू कार्ड छापून घ्यायला सांगावं असं वाटतं. मग अ‍ॅपवरही येता येईल. त्यांचाच धंदा वाढेल.

बी-२०१ : +१. लहान मुलं असलेल्यांना फार अडचण होते. तिथे जाऊन फळा वाचेपर्यंत काहीच कळत नाही.

ए-१०२ : अगं, वरण-भात-तूप रोज असतं, फळ्यावर लिहीत नाहीत एवढंच. मुलांसाठी माग, बिनतिखटाची भाजीही काढून ठेवतात.

बी-२०१ : हे माहीतच नव्हतं काकू. थँक्यू.

बी-३०५ : मध्येच विचारतो. मागच्या आठवड्यात स्टेशनबाहेरून शेवळाची जुडी आणून घरी भाजी केली. दोघांचेही घसे धरले, रात्रभर खवखवत होतं. मावशींकडे असं कधीच होत नाही. आमचं काय चुकलं?

ए-१०२ : काकडं घातली होतीत का?

बी-३०५ : काकडी?

ए-१०२ : काकडी नव्हे, काकडं. छोटी हिरवी आंबट फळं असतात, शेवळं विकणाऱ्या बाईकडेच मिळतात. ती वाटून त्यांचा रस घालायचा. नसली तर चिंचेचा कोळ, पण सढळ हाताने. शेवळाला सुरणासारखीच खाज असते, आंबटाशिवाय ती मरत नाही. आणि निवडताना वरची पानं सोलून आतल्या दांड्याचा खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा. तो राहिला तर घसा धरणारच. हाताला आधी तेल लावा. आमच्या सासूबाई त्यात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घालून शेवळाची कणी करायच्या, ती चव मला अजून जमलेली नाही.

डी-१०४ : सी-४०३, तुमची सूचना चांगल्या मनाने आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वाचायला वेळ लागेल.

मी निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे फिरायला जातो आणि परतताना बरेचदा मावशींबरोबर स्टेशनबाहेर थांबतो. आसनगाव, कसाऱ्याकडून आणि कर्जतच्या बाजूने पहिल्या गाड्यांनी बायका येतात. ठाकर, कातकरी वस्त्यांमधल्या. आदल्या दिवशी रानात फिरून जे खुडलं ते फडक्यात बांधून आणतात. हे कोणी पेरलेलं नसतं. पहिला पाऊस पडला की शेवळं वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. टाकळा कोवळा असेपर्यंतच खायचा, जून झाला की चावत नाही. मग कुर्डू, फोडशी, भारंगी. श्रावणाच्या सुमाराला कंटोळी. कोणत्या दिवशी कोणाच्या फडक्यात काय निघेल हे त्या बायकांनाही आधी सांगता येत नाही.

मावशी ते घेऊन येतात आणि मग फळा लिहितात. हा क्रम लक्षात घ्या. आधी बाजार, मग फळा. कार्ड छापलं की हे उलटं होईल. कार्डावर लिहिलंय म्हणून ती वस्तू कुठून तरी आणावी लागेल, आणि त्या जुड्या तशाच पडून राहतील. अ‍ॅपवर तर रोज तेच मिळालं पाहिजे, नाहीतर लोक खराब शेरे लिहितात.

वांग्याचं म्हणाल तर पावसात वांग्यात कीड फार निघते, म्हणून त्या आत्ताच बंद करतात. पुढे चातुर्मास आहेच, त्यात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला भरीत आणि रोडगे करतात, तेव्हा पाहुण्यांना पुन्हा बोलवा. थंडी पडली की सोलाण्याची आमटी, पावट्याची उसळ, भोगीला ती मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तुमची काजूची उसळ ओल्या काजूंची होती. ते काजू पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच. सुक्या काजूची करून मागितलीत तर त्या नाही म्हणतील आणि ते बरोबर आहे.

मासळीचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात म्हणून. त्या दोन महिन्यांत मावशी बर्फातली सुरमई आणत नाहीत. जवळा, सुकट, सुके बोंबील, बस.

माझी पत्नी गेली त्यानंतरचं पहिलं वर्ष मी दोन्ही वेळा तिथेच जेवलो. मला तेव्हा तारखा लक्षात राहत नव्हत्या. एक दिवस ताटात कैरीची डाळ आली आणि चैत्र लागल्याचं कळलं. घरी ती असतानाही मला असंच कळायचं. हे मी मावशींना अजून सांगितलेलं नाही. त्यांना कार्ड छापायला सांगू नये, एवढीच विनंती.

ए-१०२ : 🙏

बी-३०५ : काका, मनापासून लिहिलंत.

सी-४०३ : काका, फळा बाजारानंतर लिहितात हे मला खरंच माहीत नव्हतं. कार्डाची सूचना मागे घेतो. पण पाहुण्यांची अडचण खरी आहे. आठ-दहा माणसं असली की आयत्या वेळी काय करायचं?

डी-१०४ : आदल्या संध्याकाळी पाचपर्यंत माणसं किती ते सांगायचं. पदार्थ सांगायचा नाही. त्या पुरेसं आणतात. कोणी कांदा-लसूण खात नसेल तर तेही तेव्हाच सांगा, त्यांचं ताट वेगळं काढतात.

बी-२०१ : रोज सकाळी फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकता येईल का कोणाला? मी ऑफिसला त्याच बाजूने जाते, सोमवार ते शुक्रवार मी टाकू शकेन.

ए-१०२ : शनिवार-रविवार माझ्याकडे.

सी-४०३ : आत्ता तिथेच उभा आहे. शेवळं संपली, माझ्यासमोर फळ्यावरून पुसली. त्याजागी टाकळा लिहिलाय, चणाडाळ घालून. घेतोय. काका, उद्या पहाटे तुमच्याबरोबर स्टेशनला आलो तर चालेल?

डी-१०४ : पावणेसहाला गेटपाशी. दोन कापडी पिशव्या आणा आणि सुटे पैसे ठेवा, त्या बायकांना नोटा मोडायला जड जातं.

बी-३०५ : मीही येतो. काकडं घ्यायची आहेत.