मदत हवी आहे: नाचताना घामाने चिंब होतो, शनिवारच्या आत उपाय सांगा

कुंदा_कमी_गोड
मंडळी, जरा लवकर सांगा, शनिवारी परत जायचंय. टिळकवाडीत एका हॉलवर नाचायला जातो. दोन गाणी झाली की कपडे पाठीला चिकटतात, समोरच्याचा हात निसटतो, तोंड लालबुंद. काय घालायचं आणि काय करायचं? एसी नाही. 'नाचू नका' असं कुणी लिहू नका, ते आईनं आधीच सांगितलंय.

मुठेकाठ
कुठला नाच? गरबा, झुंबा, वरातीतला? वय किती? पंखे आहेत का? काहीच न सांगता उपाय कसा देणार? तरी सांगतो. ड्रायफिट टीशर्ट घ्या, आत बनियन घालू नका. बनियन घाम धरून ठेवतं. विषय संपला.

वडगावचा_माग
विषय संपला कसा ओ? पॉलिस्टरच्या पिशवीत माणूस घालून घाम कमी होतोय होय? सुती घाला. आमच्या गल्लीत उन्हाळाभर पत्र्याखाली माग चालतात, माणसं सुती बंडीवरच असतात. आमचा आजा, बाप, सगळे.

मुठेकाठ
आजोबा माग चालवत होते, दर गाण्याला कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नव्हते. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. तासभरात शर्ट जड होतो. ड्रायफिट ओल बाहेरच्या अंगाला आणून पसरवतं म्हणून लवकर वाळतं. घाम आल्याने गार वाटत नाही, तो उडाला की गार वाटतं.

वडगावचा_माग
आणि त्या ड्रायफिटचा वास? दोन धुण्यांत काखेत बसतो तो जातच नाही. त्याबद्दल बोला की.

कुंदा_कमी_गोड
साल्सा आणि बचाटा. जोडीनं नाचायचं, दर गाण्याला जोडीदार बदलतो. हॉल वरच्या मजल्यावर, पंखे चार, त्यातला एक नुसताच आवाज करतो. आणि बनियन-बनियन काय चाललंय? मी बाई आहे.

मुठेकाठ
मग 'जातो' का लिहिलंय?

कुंदा_कमी_गोड
आमच्या घरात आजीपासून सगळ्या 'जातो-येतो'च म्हणतात. बेळगावात असंच बोलतात. कपड्याचं बोला.

चित्ररथ_ढोल
ताई, मी शिवजयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवतो. आपल्याकडं चित्ररथ रात्रभर चालतात, म्हणजे घामाचं आम्हाला काय ते शिकवू नका. तहान लागायची वाट बघायची नाही. निघायच्या आधी मीठ घातलेलं ताक, मध्ये घोट घोट पाणी, मानेला ओला पंचा. बाटली बर्फाची घेऊन मनगटावर धरायची. घटाघटा अर्धी बाटली पिऊन लगेच उडी मारली तर पोटात कळ येते, हे नक्की. बाकी साल्सा म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण घाम तोच असणार.

चनियाचोली_भाड्यानं
नवरात्रासाठी आत्ताच बुक करा! सुती अस्तराची चोली, घेर ८ मीटर, निपाणी-चिकोडीपर्यंत घरपोच. मेसेज करा.

मुठेकाठ
मे महिन्यात?

संकेश्वर_नाका
हॉलवाल्यांना एसी लावायला सांगा. पैसे कशाचे घेतात मग?

कॅम्पातला_पोदेर
मी गोव्यात आणि इथं, दोन्हीकडं बरीच वर्षं सोशल डान्सिंग करतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

सुती की ड्रायफिट या भांडणात दोघेही अर्धे बरोबर. उघड्यावर वारं असेल तर पातळ सुती किंवा लिनन झकास. क्युबात ग्वायाबेरा म्हणून चार खिशांचा सैल शर्ट असतो, पँटच्या बाहेर सोडतात, तो लिननचा किंवा सुतीच. पण बंद हॉलमध्ये, चार पंख्यांखाली, वळीव पडून गेल्यावरच्या दमट हवेत काहीच वाळत नाही. तिथं कापडापेक्षा बदलायचे कपडे कामाचे. पिशवीत दोन जादा कुर्त्या नाहीतर टॉप ठेवा. पहिला भिजला की बदला, दुसरा भिजला की बदला. सगळीकडचे मुरलेले नाचणारे हेच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाई आहात तर आणखी सांगतो. स्लीव्हलेसचा मोह होईल, पण जोडीदाराचा हात तुमच्या खांद्याच्या पात्यावर असतो. उघडी ओली कातडी हाताला निसटते, त्यापेक्षा छोट्या बाहीचं बरं. पाठ उघडी असलेला ब्लाउज तर नकोच. रेयॉनचे कुर्ते दुकानात मऊ लागतात, भिजले की लोंबतात. राखाडी रंगावर डाग सगळ्यात जास्त दिसतात. काळा, पांढरा किंवा बारीक छापाचा घ्या. केसांचा अंबाडा घाला. पोनीटेल ओली झाली की गिरकीत समोरच्याच्या डोळ्यात जाते. मी खाल्लीय.

आणि हाताला टाल्कम लावू नका. पावडर जमिनीवर सांडते आणि कुणीतरी पडतं. छोटा नॅपकीन कमरेला, प्रत्येक गाण्यानंतर हात पुसायचे.

वडगावचा_माग
म्हणजे सुती बरोबर होतं.

मुठेकाठ
त्यांनी 'अर्धे' म्हटलंय.

निपाणीचा_पाहुणा
बेळगावात पंखा लागतो हेच ऐकून नवल वाटतं. २५०० फुटांवरचं गाव, गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. माझ्या लहानपणी मे महिन्यात पहाटे गोधडी लागायची. झाडं तोडली, रस्ते रुंद केले, आता भोगा. आणि धाग्यात सारखं बेळगाव बेळगाव चाललंय, १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदावर

व्यवस्थापक
नावाचा वाद दुसऱ्या धाग्यावर. उरलेला प्रतिसाद काढला आहे.

चित्ररथ_ढोल
पोदेर, डिओचं काय?

कॅम्पातला_पोदेर
डिओ फक्त वास झाकतो. घाम कमी करायचा असेल तर अँटिपर्स्पिरंट. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडं तात्पुरती बंद करतात. ते रात्री झोपताना कोरड्या काखेला लावायचं. हॉलच्या दारात उभं राहून फुसफुसवून उपयोग नाही. बाकी, सगळी गाणी नाचायचीच असं नाही. साल्साची दोन झाली की एक सोडा, खिडकीत उभ्या राहा. पावलं छोटी टाका. नवशिके हात-पाय लांब फेकतात आणि त्यातच निम्मा दम जातो. साल्सा तशीही लहान पावलांचीच असते.

कुंदा_कमी_गोड
नवशिकी नाही मी, दोन वर्षं झाली. पूर्वी एवढा त्रास नव्हता. आता दुसऱ्या गाण्यालाच भिजतो, बाकीच्या बायका ठीक असतात.

गोळ्यांचं_दुकान
थांबा. हे आधी का नाही लिहिलं? कधीपासून वाढलंय? कुठली गोळी चालू आहे? बीपी, शुगर, थायरॉईड?

कुंदा_कमी_गोड
थायरॉईडची आहे, पण त्याचा नाचाशी काय संबंध? दिवाळीनंतर डॉक्टरांनी वाढवून दिली.

गोळ्यांचं_दुकान
संबंध आहे. थायरॉईड कमी म्हणून गोळी चालू असते, पण डोस जास्त झाला तर शरीर उलट्या बाजूला जातं. उकडतं, घाम येतो, वजन उतरतं, झोप उडते, हात थरथरतात. छातीत धडधड होते का?

कुंदा_कमी_गोड
नाचताना धडधडणारच की ओ. पण पलंगावर पडल्यावर पण होते, ते खरं. हात कापतात म्हणून मागच्या शनिवारी जोडीदार हसला. आणि वजन कमी झालंय म्हणून मी खूश होतो.

गोळ्यांचं_दुकान
गोळी स्वतःहून बंद करू नका आणि अर्धीही करू नका. टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून डॉक्टरांना दाखवा, डोस तेच ठरवतील. पडल्यापडल्या धडधडतंय तर शनिवारी नाचणं राहू दे. बसल्या जागी खूप जोरात धडधडलं, दम लागला किंवा चक्कर आली तर रिपोर्टची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

मुठेकाठ
लोक इथं कपडे विचारायला येतात आणि तुम्ही रक्त काढता.

गोळ्यांचं_दुकान
तुम्ही बाईला बनियन सांगितलंत.

चित्ररथ_ढोल
😄 ताई, मिठाचं ताक बीपी असेल तर जरा जपून. आणि घाम फारच गेला तर ओआरएसचं पाकीट, नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजूनच घालायचं. आमचा एकजण अंदाजानं मीठ घालतो, पिणारे पळून जातात.

कुंदा_कमी_गोड
बीपी नाही. टीएसएच उपाशी द्यायची का? उद्या सकाळीच जातो.

गोळ्यांचं_दुकान
उपाशी राहायची गरज नाही. पण उद्याची गोळी रक्त दिल्यावर घ्या. जुना रिपोर्ट बरोबर न्या.

कुंदा_कमी_गोड
बरं. शनिवारी नुसती बघायला जातो, मैत्रीण गाडीवरून नेणारच आहे. तरी दोन टॉप आणि नॅपकीन घेऊन ठेवतो. काळा छापाचा खडेबाजारात कुठं बरा मिळेल?

वडगावचा_माग
सुती हवा तर सांगतो.

संकेश्वर_नाका
एसीचं कुणी विचारलं का हॉलवाल्यांना?

निपाणीचा_पाहुणा
ताई, वयाची अट आहे का तिथं? माझी साठी झालीय, पण गुडघे शाबूत आहेत.

कुंदा_कमी_गोड
अट नाही काका. टॉवेल मात्र आपला आणा.