एडिटरमध्ये आज केलेले बदल रंगाने दिसतील असं प्लगइन आहे का?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी, मी विम हा टेक्स्ट एडिटर वापरतो पण कोडिंगसाठी नाही, भाषांतरासाठी, आणि एकेक फाइल दोन-तीन हजार ओळींची असते. दुपारी परत फाइल उघडली की सकाळी कुठे कुठे हात लावला होता तेच आठवत नाही, मग सगळं वरपासून वाचत बसावं लागतं आणि त्यात एखादं अर्धवट वाक्य तसंच राहून जातं. गिटगटर (फाइलच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमधले बदल विममध्ये दाखवणारं प्लगइन) टाकून बघितलं. ओळीच्या डावीकडे खुणा येतात, आवडलं, पण कमिट केलं (म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवले) की सगळ्या गायब. मला कमिट झालेले असले तरी आजचे बदल दिसायला हवेत. आणि खूण उगवायला चार सेकंद का लागतात?

सुतळी
चार सेकंदांचं सोपं आहे, विमचं अपडेटटाइम (टायपिंग थांबल्यावर थांबायचा वेळ) मुळातच 4000 मिलिसेकंद असतं, ते 100 कर.
खुणा जातात कारण गिटगटर स्टेज केलेल्या (पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेल्या) प्रतीशी तुलना करतं, म्हणजे कमिटच्याही आधी, नुसतं अ‍ॅड केलं तरी त्या जातात. त्याच्या सेटिंगमध्ये डिफ बेस (तुलना कशाशी करायची ते) आहे बघ, तिथे कुठलाही जुना कमिट किंवा टॅग (कमिटला दिलेलं नाव) देता येतो. मी रोज काम सुरू करताना 'आज' नावाचा टॅग फोर्स करून पुढे सरकवतो आणि डिफ बेसला तेच नाव देऊन ठेवलंय, त्यामुळे दिवसभरात कितीही कमिट मारले तरी खुणा सकाळपासूनच्याच दिसतात. एका खुणेवरून दुसरीवर जायला चौकटी कंस आणि सी.

जुनी_वही
मुळात "नुकतेच" म्हणजे कधीपासूनचे हे आधी ठरवायला हवं, प्रत्येक एडिटर ते वेगळं धरतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये सेव्ह न केलेली ओळ केशरी आणि सेव्ह केलेली हिरवी दिसते, पण फाइल बंद केली की सगळं पुसलं जातं, म्हणजे तुमच्या कामाचं नाही.
मी इमॅक्सवाली (तोही एक एडिटर), आणि माझ्या मते यात सगळ्यात विचारपूर्वक केलेली सोय तिथेच आहे. हायलाइट चेंजेस मोड, इमॅक्ससोबतच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. नुसती खूण नाही तर बदललेला मजकूरच रंगतो, खोडलेल्या जागी अधोरेखा येते, आणि रोटेट फेसेस नावाची कमांड दिली की आधीचे बदल एकेक रंग मागे सरकतात. ती कमांड सेव्हच्या हुकला (सेव्ह करताना आपोआप चालणाऱ्या कमांडच्या यादीला) जोडली तर प्रत्येक सेव्हला आपोआप होतं, मग ताजा बदल कुठला आणि चार सेव्हपूर्वीचा कुठला हे रंगावरूनच कळतं. भाषांतरात हे फार उपयोगी पडतं कारण एकाच परिच्छेदावरून आपण तीनतीनदा हात फिरवतो. बफर (उघडलेली फाइल) बंद केलं की रंग जातात एवढंच.

सुतळी
हे माहीतच नव्हतं, विममध्ये असं वयानुसार रंग देणारं मी तरी वापरलेलं नाही.

पाणकावळा
रंगाबद्दल एक सांगतो. मला लाल-हिरवा फरक कळत नाही आणि बहुतेक थीममध्ये वाढवलेलं हिरवं, काढलेलं लाल. मी निळा आणि केशरी ठेवलाय आणि खुणाही वेगवेगळ्या. हे आधीच करून ठेवा, कोणी तुमच्या स्क्रीनवर बघायला आलं तर त्यालाही कळेल.
आणि गिट नसलेल्या फाइलसाठी विममध्ये आधी जी आणि मग सेमीकोलन दाबा, ते मागच्या बदलाच्या जागी नेतं, परत दाबलं की त्याच्या मागच्या, अशा शंभर जागा लक्षात राहतात. अनडूफाइल हे सेटिंग चालू केलं (विम 7.3 पासून आहे) तर फाइल बंद करून उघडली तरी अनडू (बदल मागे घेण्याची सोय) शिल्लक राहतं आणि अर्लियर 2एच ही कमांड दिली की दोन तासांपूर्वीचा मजकूर समोर येतो, लेटर म्हटलं की परत. पण अनडूसाठी वेगळं फोल्डर ठेवणार असाल तर ते आधी स्वतः तयार करा, आणि तीच फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये बदललीत तर विम जुना अनडू वापरत नाही. माझा एकदा आठवड्याचा असाच गेलाय.

कोरी_पाटी
टॅगवालं आत्ता करून बघितलं, चाललं! सकाळपासून 41 जागी हात लागलाय असं दिसतंय, मला वाटत होतं जेमतेम पंधरा-वीस असतील, आणि त्यातल्या दोन ठिकाणी वाक्य खरंच अर्धवट सापडलं. सुतळी, खूप आभार. जुनी_वही, तो सेव्हच्या हुकचा तुकडा इथे टाकाल का, सुट्टीच्या दिवशी इमॅक्स लावून बघतो.