मदत हवी आहे: मंडळीत 'माणसाच्या जिवाचं मोल' या विषयावर रविवार घ्यायचाय, नुसता उपदेश नको (कोल्हापूर)

सर्वांना सलाम.

कोल्हापुरात आमची प्रोटेस्टंट मंडळी (म्हणजे चर्च) आहे, फार मोठी नाही. पाळकसाहेबांनी महिला मंडळ आणि तरुण संघाला मिळून एक आख्खा रविवार दिलाय, विषय वर लिहिलाय तोच. संदेश ते देणार, पण उपासनेनंतर काय करायचं आणि पुढं वर्षभर काय चालू ठेवायचं ते आम्ही ठरवायचं आणि तिथंच गाडं अडलंय.

'खून करू नको' ही आज्ञा संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ आहे, देवानं माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला हे कुणालाच अमान्य नाही, देवानं आईच्या उदरात मला घडवलं असं म्हणणारं 139 वं स्तोत्र तर कितीदा वाचून झालं असेल. पण मागं आमच्यातल्या एका ताईंना दुसरी मुलगी झाली, आम्ही मंडळीतल्याच बायका बघायला गेलो, आणि बर्फीचा तुकडा हातात घेऊन एक मावशी म्हणाल्या, "असू दे गं, पुढच्या वेळी देव ऐकंल." ती काही बोलली नाही, बाळाचं टोपडं सारखं करत बसली. आता ह्या मावशी म्हणजे वाईट बाई अजिबात नाही, कुणी आजारी पडलं की सगळ्यात आधी डबा घेऊन त्याच जातात, म्हणून तर मला ते जास्त लागलं.

आणि आपला जिल्हा म्हणजे बघा, 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं फक्त 839 मुली होत्या. 2011 ला 863 झाल्या, त्याच काळात राज्याचा आकडा 913 वरून 894 वर आला म्हणजे आपल्याकडं थोडं तरी सुधारलं. तेव्हाचे कलेक्टर लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशिनींना सायलेंट ऑब्झर्व्हर (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवून घेतले होते ते बऱ्याच जणांना आठवत असेल. सरकारी ऑफिसातून एवढं होऊ शकतं तर दर रविवारी एकत्र बसणाऱ्या आम्हा लोकांकडून का होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. एका घरातला तरुण मुलगा आत्महत्या करून गेला. दफनाला माणसं आली पण घरी नंतर फारसं कुणी फिरकलं नाही, आणि त्याच्या आत्म्याचं काय होणार यावर चर्चा मात्र झाली. त्याची आई आता शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वचन संपायच्या आत चप्पल घालून गेटबाहेर पडलेली असते.

तर कुणाच्या मंडळीत असं काही केलं असेल तर सांगा, गर्भपातावर बोलायचं का, बोललो तर कसं, आणि त्या आईपर्यंत कसं पोचायचं. पोस्टर स्पर्धा, रॅली वगैरे सुचवू नका प्लीज, ते करून झालंय.

मिरजेची_सिस्टर:
ताई, मी नर्स आहे. बोला, पण भिंतीवर भ्रूणाचे फोटो लावू नका, समोर बसलेल्या बायकांत कुणीतरी त्यातून गेलेली असतेच, आणि कित्येकदा तो निर्णय तिचा नसतोच, सासरचा असतो. कायदा नीट सांगा. 1971 चा गर्भपाताचा कायदा वेगळा आणि 1994 चा गर्भलिंग निदानाचा वेगळा, लोक दोन्हीची खिचडी करतात. लिंग तपासणं हा गुन्हा आहे, कुठल्याही महिन्यात. विश्वास म्हणून आपली भूमिका काय ती जरूर मांडा, पण सोबत हेही सांगा की एखादी पोरगी अडचणीत असेल तर दवाखान्याचा खर्च, राहायची सोय, बाळंतपण यात मंडळी काय करणार. ते ठरलं नसेल तर आधी ते ठरवा. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 ला मिरजेत दवाखाना काढला तो काय नुसत्या संदेशावर नाही.

पंचगंगाकाठ:
दत्तकाबद्दल एक सत्र ठेवाच. आपल्या लोकांना अजून वाटतं की ख्रिस्ती माणसाला फक्त पालकत्व मिळतं, दत्तक नाही. पूर्वी तसंच होतं कारण 1956 चा दत्तक कायदा हिंदूंसाठी आहे, पण बाल न्याय कायद्याखाली आता कुठल्याही धर्माच्या जोडप्याला रीतसर दत्तक घेता येतं, 2014 ला सुप्रीम कोर्टानंही ते मान्य केलंय. आणि ज्या आईला बाळ सांभाळणं शक्यच नाही तिला बाल कल्याण समितीपुढं ते सोपवता येतं, फेरविचाराला दोन महिने मिळतात. रस्त्यावर टाकायची वेळ कुणावर येऊ नये. मुलांच्या मदतीचा 1098 नंबर नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावा.

जुना_कॅथलिक:
त्या आईविषयी. आमच्यात 1917 च्या चर्चच्या कायद्यात आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारायची तरतूद होती, 1983 च्या नवीन कायद्यात ती राहिली नाही, उलट अशांच्या तारणाबद्दल आशा सोडू नका असंच शिकवतात. देशाच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असंच आहे. पाळकसाहेबांनी हे वेदीवरून स्पष्ट बोलावं, म्हणजे बाकीच्यांच्या जिभा आपोआप आवरतील. आणि त्या बाईंच्या घरी गटानं जाऊ नका, एकीनंच जा, त्याचं नाव घेऊन बोला. सगळे त्याचं नाव टाळत असतील बघा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर पण तरुण संघाच्या ग्रुपवर टाका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, सिस्टर तुमचं वाचून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीला आधी निधीचंच विचारायचं ठरवलंय, महिन्याच्या एका रविवारचं अर्पण त्यासाठी बाजूला ठेवता येईल का ते. दत्तकाचं मला स्वतःला माहीत नव्हतं, आमच्यात एक जोडपं वर्षानुवर्षं थांबलंय, त्यांना आजच सांगते. बुधवारी संध्याकाळी मी त्या काकूंकडं एकटीच जाणार आहे. कोल्हापूर किंवा सांगलीत मराठीत बोलणारे समुपदेशक, जे असं दुःख झालेल्या आईबापांसोबत काम करतात, कुणाला माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा.