क्रेस्टेड गेको: उकाड्यात बोटांना कात अडकतेय, खाणंही कमी

खारघर_सेक्टर१२
पूर्ण वाढलेला क्रेस्टेड गेको (पाळीव पालीची एक जात), ४५×४५×६० सेंमीची काचपेटी, तळाला कोकोपीट. दुपारी आत ३२ अंश. दिवसातून चार-पाच वेळा फवारा मारतोय, तरी बोटांना कात अडकलीय, काचेवरून घसरतो, खाणं निम्म्यावर आलंय. चुकतंय कुठे?

येऊरकर
फवारा नंतर, आधी तापमान उतरवा. न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिकमधल्या बेटाच्या जंगलातला हा जीव २२ ते २६ अंशांत खूश असतो. २८ च्या वर खाणं सोडतो, ३० च्या वर सलग राहिला तर जिवावर बेततं. एसी २५ वर ठेवा, झोत पेटीवर नको. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून खाली ठेवा. थर्मामीटर वरच्या पानांत लावा, दिवसा तो तिथेच झोपतो. वीज गेली तर बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून जाळीच्या झाकणावर ठेवायची, आत अजिबात नाही.

पानाआड
सतत ओल आणि त्यात उकाडा, म्हणजे बुरशीला आमंत्रण. रात्री एकदा भरपूर फवारा, आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत जाऊ दे. दिवसा ५५-६० वर उतरलीच पाहिजे. एसीने हवा फारच कोरडी झाली तर सकाळी हलका हात. जुलैत आपल्याकडची हवाच इतकी दमट असते की तेव्हा फक्त पानांवर थेंब पुरेत, तो तेच चाटून पाणी पितो.

कातीसाठी: भोकं पाडलेल्या डब्यात ओला टिश्यू घालून त्याला १५-२० मिनिटं ठेवा. मग ओल्या कॉटन बडने बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हळूच सरकवा. कोरडी कात ओढू नका. पण राहूही देऊ नका: सुकली की आवळते, रक्त पोचत नाही आणि बोट गळतं. हाताळताना शेपटीला हात नको. घरातल्या पालीची तुटली तरी परत येते, याची नाही.

खारघर_सेक्टर१२
टिश्यूसाठी पाणी कोमट घेऊ?

पानाआड
नको, साधं नळाचं.

येऊरकर
खाण्याचं राहिलं. गेकोच्या तयार खाद्याची १ भाग पावडर, २ भाग पाणी, संध्याकाळी ठेवून सकाळी काढायचं. या उकाड्यात ते आंबतं आणि तो तोंड लावत नाही. दर आठवड्याला किचन काट्यावर वजन करा. ४० ग्रॅमचा ३६ वर आला, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे लगेच न्या.