शब्दचर्चा: कॅबिनेटमधली हवा आणि पंख्यांचे आवाज

कानस
आयटीआयच्या मुलांसाठी मराठीत छोटी पुस्तिका लिहितोय. जुन्या डेस्कटॉपच्या डब्यात कापाकापी करून तो कमी आवाजात जास्त थंड कसा ठेवायचा, हा विषय. काम हातातलं आहे, अडलंय शब्दांपाशी. केस, मॉडिंग, एअरफ्लो, पॉझिटिव्ह प्रेशर, डक्ट, शिवाय पंख्याचे नाना आवाज. 'वायुवीजन' आणि 'शीतकरण' दिसलं की पोरं पान उलटतात. बोलीतलं काही असेल तर सुचवा.

गल्लीतला_सोल्डर
'केस' आधी खोडा. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, केस मागितली तर मोबाईल कव्हरच्या दुकानाकडे बोट दाखवतील. आणि 'केस कापताना घ्यायची काळजी' असा मथळा दिलात तर पुस्तिका सलूनमध्ये ठेवावी लागेल. पुण्यात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, सगळीकडे शब्द एकच: कॅबिनेट. घरोघरी त्यालाच सीपीयू म्हणतात ('सीपीयू टेबलाखाली आहे'), ते मात्र पुस्तिकेत शिरू देऊ नका. पुढच्याच पानावर तुम्ही सीपीयूवरची, म्हणजे खऱ्या प्रोसेसरच्या चिपवरची, पेस्ट पुसायला सांगणार, आणि एखादा पठ्ठ्या अख्खा डबा फडक्याने पुसून बसेल.

शुद्धमती
मॉडिंगला 'फेरफार' हा चांगला शब्द आहे.

गल्लीतला_सोल्डर
फेरफारला लबाडीचा वास येतो. 'हिशेबात फेरफार' असंच कानावर पडतं.

शुद्धमती
महसूल खात्यात येत नाही. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवायचं तर आधी फेरफार मंजूर व्हावा लागतो.

माळवद
लबाडीचा वास घालवायला महसूल खातं! धन्य आहे. ताई, सरळ 'बदल' म्हणू द्या की.

तर्री_पोहे
नागपूरकरांची वेगळीच अडचण आहे भाऊ. आमच्याकडे 'कूलर' म्हटलं की खिडकीत बसवलेला, पाण्याचा, ताट्या लावलेला. सीपीयूच्या कूलरला 'प्रोसेसरचा पंखा' म्हणा, नाहीतर कोणी पाणी भरेल.
पण हवेचं गणित समजवायला आमचा कूलरच कामाचा. खोलीची दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला तर अर्ध्या तासात नुसता दमटपणा होतो. समोरची खिडकी उघडली की गारवा. कॅबिनेटचं तेच. पुढे तीन पंखे ठोकले आणि मागे हवेला वाट ठेवली नाही, तर आतल्या आत तीच गरम हवा फिरते.
आणखी एक. इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना जुन्या काळी मार्गदर्शिका दिली होती: खोली ३५ अंशांवर असताना प्रोसेसरच्या पंख्याला मिळणारी हवा ३८ च्या वर जाऊ नये. आमच्या मे महिन्यात खोलीच ३८ ओलांडते. पंखा काही हवा थंड करत नाही, आतली ऊब बाहेर नेतो. खोलीपेक्षा गार तो कधीच करणार नाही. म्हणून 'थंड करणे'पेक्षा 'उष्णता काढणे' लिहा, पोरांच्या अपेक्षा ताळ्यावर राहतील.

कानस
हे फार पटलं. एअरफ्लोला मग 'हवेची वाट' चालेल? पुढून खालून आत, मागून वरून बाहेर. वाटेत केबलींचा गुंता नको.

शुद्धमती
वाट म्हणजे मार्ग झाला. किती हवा जाते ते त्यात येत नाही. त्यासाठी 'ओघ'. वाट मोकळी असेल तर ओघ टिकतो, असं वाक्य करता येईल. डक्टला 'नळकांडं'.

माळवद
नळकांडं एक नंबर. इंटेलच्या त्याच मार्गदर्शिकेत बाजूच्या झाकणाला प्रोसेसरसमोर नळकांडं बसवलेलं असे. बाहेरची ताजी हवा थेट पंख्याच्या तोंडी, मध्ये ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेची भेसळ नाही. जुन्या डब्यात हे अजूनही पुठ्ठ्याचं करून बघता येतं आणि फरक पडला तरच पत्र्याचं करावं.
आमच्याकडे माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, सवणं असतं, उजेडाला आणि धुराला. वरच्या झाकणातल्या भोकाला तो शब्द देऊन बघा. पण 'गरम हवा वर जाते म्हणून वर भोक पाडा' एवढ्यावर थांबू नका. एवढ्याशा डब्यात ती आपोआप वर जाण्याचा जोर फारच कमी. पंखा जिकडे ढकलेल तिकडे ती जाते. सिल्व्हरस्टोन कंपनीने त्यांच्या रेव्हन कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड ९० अंशांत फिरवून धुराड्यासारखी रचना केली, तीही तळाशी मोठाले पंखे देऊनच.

गल्लीतला_सोल्डर
पॉझिटिव्ह प्रेशरला 'धन दाब' लिहू नका, पैशांचा दाब वाटतो. मी गिऱ्हाइकाला सांगतो: डबा फुगता ठेवा, ओढता नको. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की डबा फुगता. मग फटीफटींतून हवा बाहेरच निघते आणि धूळ येते ती फक्त पुढच्या जाळीतून, जी धुता येते. ओढत्या डब्यात डीव्हीडीच्या फटीतूनसुद्धा धूळ आत ओढली जाते.

कानस
फुगता आणि ओढता. घेतले.
जाळीवरून आठवलं. जुन्या डब्यात मागच्या पंख्यासमोर पत्र्यालाच भोकं पाडून जाळी केलेली असते. भोकांइतकाच पत्रा मध्ये आडवा. पहिला बदल तोच: ती कापून तारेची गोल जाळी लावायची. पत्रा कापायची कात्री आत शिरेल एवढं भोक ड्रिलने पाडायचं, कापायचं, मग कानशीने कड घासून रबरी बीडिंग चढवायचं, म्हणजे बोटंही वाचतात आणि पत्रा कंपही पावत नाही. १२० मिमी पंख्याच्या स्क्रूंची भोकं एकमेकांपासून १०५ मिमीवर, १४० च्या पंख्याची १२४.५ वर. आधी मदरबोर्डसकट सगळं बाहेर काढायचं, कारण लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडला तर कुठल्याही दोन पिनांमध्ये पूल बांधतो. यात शब्दाची अडचण नाही, 'कीस' शाळेच्या पुस्तकातच आहे. अडचण आवाजांची.

घोंघावणारी
आवाजांसाठी मराठीत शब्दांना तोटा नाही, फक्त ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. 'पंखा आवाज करतो' या तक्रारीवर काहीच इलाज सांगता येत नाही. कोणता आवाज, ते आधी ऐकायचं.

'सूं' किंवा 'घोंघावणं' हा हवेचा आवाज. इलाज वेग कमी करणं. फेरे निम्मे केले तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरला की कानाला तो जवळपास निम्मा वाटतो. ओघ मात्र निम्माच होतो, म्हणून छोटा पंखा काढून मोठा, संथ पंखा लावायचा. ८० च्या जागी १२० बसवायचा तो यासाठी.

'शीळ' किंवा 'गुणगुण' म्हणजे एकच सूर वेगळा ऐकू येणं. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला १४० वेळा पातं एकाच जागेवरून जातं. तिथे जाळी अगदी टेकलेली असेल तर तो सूर उमटतो. हवा आत घेणाऱ्या बाजूला जाळी चिकटली असेल तर जास्तच. पंखा आणि जाळी यांत बोटभर अंतर सोडा.

'घुमणं' पंख्याचं नसतंच, पत्र्याचं असतं. ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० कंप देते आणि मोठं झाकण तेवढ्यावर घुमू लागतं. झाकणावर तळहात दाबून बघा. आवाज बसला तर डिस्क इलॅस्टिकच्या नाडीवर टांगा किंवा झाकणाला आतून गाडीच्या दाराचं डांबरी शीट चिकटवा. नुसत्या फोमने घुमणं जात नाही. फोम बारीक सूर खातो, जाड सूर तसाच राहतो, आणि फोमने वाट बुजवली तर पंखे जास्त पळतात ते वेगळंच.

'हेलकावे' म्हणजे वूऽऽ वूऽऽ असा चढत-उतरत येणारा आवाज. दोन पंखे जवळपास सारख्या, पण तंतोतंत सारख्या नव्हे अशा वेगाने फिरत असतात. एकाचा वेग थोडा बदलला की थांबतो.

'टकटक' म्हणजे वायर पात्याला लागतेय. 'किरकिर' म्हणजे बेअरिंग कोरडं पडतंय. आणि 'घरघर' लागली म्हणजे मराठीत जो अर्थ तोच: नवा पंखा आणा.

गल्लीतला_सोल्डर
घोंघावणारी ताई, हेच पुस्तिकेचं पहिलं प्रकरण करायला सांगा त्यांना. एक भर घालतो: 'धाप'. दर मिनिटाला पंखा जोरात पळतो, मंदावतो, परत पळतो. पंख्यात खोट नसते, बायोसमधली (मदरबोर्डच्या सेटिंगमधली) तापमानाची पायरी फार उभी असते. चढ सौम्य करायचा आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायला सांगायचं.
पूर्वी पिवळ्या आणि लाल वायरीमधून १२ वजा ५ असे ७ व्होल्ट काढून पंखा संथ करायचो. आता मदरबोर्डवरूनच वेग बदलता येणारा चार पिनांचा पंखा असताना त्या भानगडीत पोरांना घालू नका.

तर्री_पोहे
धापेला आमच्याकडे 'दम लागणे'च म्हणतात.

कानस
दोन्ही देतो. एकच राहिलं: मागे हवा फेकणारा पंखा 'एक्झॉस्ट' ठेवू का? स्वयंपाकघरात सगळे म्हणतातच.

शुद्धमती
ठेवा. त्याला 'निष्कासन पंखा' म्हणायचा मोह मलाही होत नाहीये.

माळवद
मग पुढचा 'घेता' आणि मागचा 'फेकता'. फुगता-ओढताच्या शेजारी शोभतात, आणि पंखा उलटा बसवणाऱ्याला एका शब्दात सांगता येतं. पंख्याच्या कडेला बहुधा बाण कोरलेला असतो, तो मात्र चित्रात दाखवा.