मदत हवी आहे: लेप्याची कवटी वर्गात दाखवायची आहे

नमस्कार मंडळी,

सातवीच्या मुलांना लेपा या चपट्या माशाची कवटी दाखवायची आहे. अख्खा मासा मिळायला अडचण नाही, हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी गेलं की हवे तेवढे लेपे मिळतात. मला हवी आहे ती साफ केलेली, हाडं जागच्या जागी असलेली कवटी. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

कवटीच का, ते सांगते. लेप्याचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात हे आमच्या मुलांना सांगावं लागत नाही, बहुतेकांच्या घरी मासेमारीच आहे. पण तो असा जन्मत नाही, हे त्यांना काही केल्या पटत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू चारचौघा माशांसारखंच असतं, उभं पोहणारं, दोन बाजूंना दोन डोळे. ते साधारण सेंटिमीटरभर झालं की उजवा डोळा सरकत सरकत डाव्या बाजूला येतो. कवटी पिळवटते, तोंड वाकडं होतं आणि मासा तळाशी जाऊन उजव्या कुशीवर आडवा होतो, तो कायमचाच. वरची बाजू चिखलावाळूच्या रंगाची, खालची पांढरी. कडेची झालर हलवून तो रेती अंगावर उडवून घेतो आणि नुसते डोळे बाहेर ठेवून पडून राहतो. गाळातले किडे आणि कोलंबीच्या जातीचे बारीक जीव हे त्याचं खाणं.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं ते यामागचं कारण. चपट्या माशांत हा बदल थायरॉइडचं हार्मोन घडवतं, तेच जे बेडकाच्या पिल्लाची शेपूट जिरवतं! जपानमध्ये हिरामे नावाच्या चपट्या माशावर प्रयोग झाले आहेत. पिल्लांना हे हार्मोन आधीच दिलं तर बदल लवकर होतो आणि ते तयार होऊ दिलं नाही तर पिल्लं डोळा न सरकता तशीच उभी पोहत राहतात. बेडकाचं रूपांतर मुलं शिकलेली आहेत, त्यामुळे पिळवटलेली कवटी हातात आली की पुढचं त्यांना आपोआप कळेल.

अडचण अशी की लेपा जेमतेम वीतभर, हाडं अगदी नाजूक, उकळला की सगळी सुटी होतात. फॉर्मलीनसारखं काही मुलांच्या हाताशी नको आहे. शिवाय, रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शाळेच्या मुलांना अशा पिल्लांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळतात का?

प्रतिसाद १

ताई, पाणी उकळू देऊ नका. वाफ येईल इतपतच गरम ठेवा, डोकं त्यात थोडा वेळ धरा, मग चिमटा आणि मऊ टूथब्रशने मांस काढा. हाडांच्या सांध्यांवरचे पांढरे पडदे मुद्दाम राहू द्या, कवटी त्यांनीच धरून ठेवलेली असते. नंतर मेडिकलमध्ये मिळतं ते ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, हे काम मात्र मुलांना देऊ नका. थर्माकोलवर टाचण्यांनी बसवून सावलीत वाळवा. एखादं हाड सुटलंच तर पातळ केलेला फेव्हिकॉल लावा.

प्रतिसाद २

लेप्याबरोबर भाकसही घ्या, तोही चपटाच मासा. मोठा असल्याने साफ करायला सोपा, दात तर बघण्यासारखे. खरी गंमत डोळ्याची आहे. भाकसाचा सरकणारा डोळा डोक्याच्या वरच्या कडेपर्यंतच येतो, लेप्यासारखा पूर्ण पलीकडे जात नाही. पाठीचा परही डोळ्यांच्या मागून सुरू होतो, लेप्याचा थेट डोक्यावर आलेला असतो. दोन्ही कवट्या शेजारी ठेवा, काही सांगावं लागणार नाही. इटलीतल्या मोंते बोल्का इथे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे चपट्या माशांचे जीवाश्म सापडले आहेत. त्यातल्या अँफिस्टियमचा डोळा पूर्ण वाढ होऊनही अर्ध्या वाटेवरच थांबलेला दिसतो. २००८ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला, त्यातली चित्रं वर्गात जरूर लावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भाकसाचं मला सुचलंच नव्हतं. रविवारी हर्णैला दोन्ही मासे बघते आणि जमलं तर इथे फोटो टाकते. पिल्लांच्या नमुन्यांचं मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. शिरगावला शिकलेलं कुणी इथे असेल तर नक्की लिहा, सहामाही परीक्षेच्या आधी मुलांना घेऊन जायचा विचार आहे.