अल्बम सलग ऐकायचा की आवडीचं गाणं सुटं?

बंदरवाला, देवगड

गणपतीत घरी गेलो होतो तेव्हा माळ्यावर कॅसेटींचा पत्र्याचा डबा सापडला आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. माझं मत स्पष्ट आहे, क्लासिक रॉकचा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकायचा, मधलं एखादं गाणं उचलून ऐकण्यात अर्थ नाही.

माझा अल्बम म्हणजे पिंक फ्लॉइड या इंग्लिश बॅंडचा डार्क साईड ऑफ द मून, १९७३ चा. मुंबईचा चुलतभाऊ गणपतीला येताना नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेऊन आला होता, एका साईडला हा आणि दुसऱ्या साईडला त्यांचाच विश यू वेअर हिअर, दोन्ही पंचेचाळीस मिनिटांच्या आत बसतात त्यामुळे कुठे कापाकापी नाही. आषाढात लाईट गेली की दोन दोन दिवस यायची नाही. मग टेपला सेल घालायचे आणि ते उतरले की आजी रात्री चुलीच्या कट्ट्यावर शेकत ठेवायची, सकाळी अजून अर्धा तास चालायचे. सुरुवातीला छातीचे ठोके, शेवटी पण तेच ठोके, आणि सेल उतरत आले की ते ठोके जड होत होत थांबायचे, बाहेर कौलावर पाऊस. टाईम या गाण्याच्या आधी ती सगळी घड्याळं एकदम वाजतात ना, साउंड इंजिनिअर अॅलन पार्सन्सने घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं, ती वाजली की आजी दचकून उठून बसायची. आधीच्या गाण्यातली ती धावपळ ऐकली नसेल तर त्या घंटांचा धक्काच बसत नाही.

मांडवीची लाट, रत्नागिरी

दादा, तुमची आठवण फार सुंदर आहे पण मत अजिबात पटलं नाही. सलग ऐकणं ज्याच्याकडे अख्खा अल्बम होता त्यालाच जमत होतं. आम्ही कोरी साठ मिनिटांची कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली गाण्यांची यादी दुकानात द्यायचो, आठ दिवसांनी भरून मिळायची. माझ्या कॅसेटवर सुलतान्स ऑफ स्विंगनंतर हॉटेल कॅलिफोर्निया आणि मग डीप पर्पलचं चाइल्ड इन टाइम, ते आहे दहा मिनिटांचं, साईडला उरलेली सहा, त्यामुळे ऐन भरात खट्ट. कॉलेजची तीन वर्षं मी ते तिथपर्यंतच ऐकलंय. नंतर पूर्ण मिळालं, चांगलंच आहे, पण माझं गाणं तिथे संपतं आणि मांडवीच्या जेट्टीवरची ती संध्याकाळ पण तिथेच संपते. बॅंडने ठरवलेला क्रम मला कधी मिळालाच नाही, म्हणून माझी आठवण कमी प्रतीची का?

आणि एक सांगा, तुमचं सलग तरी खरं सलग आहे का? डार्क साईडच्या मूळ तबकडीत द ग्रेट गिग इन द स्काय या गाण्यानंतर उठून बाजू उलटावी लागायची, मग मनी हे गाणं. तुम्ही मधे न थांबता ऐकलंत ते नव्वदच्या कॅसेटमुळे. डायर स्ट्रेट्सचा ब्रदर्स इन आर्म्स (१९८५) तर तबकडीवर एक आणि सीडीवर एक, तबकडीवर जागा पुरेना म्हणून गाणी कापून छोटी केली. त्यात पूर्ण कुठला धरायचा?

बंदरवाला, देवगड

ताई, बाजू उलटण्याचा मुद्दा मान्य, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण विश यू वेअर हिअर घ्या. शाईन ऑन यू क्रेझी डायमंड या गाण्याचे दोन तुकडे, एक अल्बमच्या सुरुवातीला आणि एक शेवटाला, दोन्ही बॅंड सोडून गेलेल्या सिड बॅरेटसाठी. १९७५ च्या जूनमध्ये तो स्वतः स्टुडिओत येऊन उभा राहिला आणि इतका बदलला होता की मित्रांनी आधी ओळखलंच नाही. मधली तीन गाणी ऐकून मग तो सूर परत येतो तेव्हा माणूस भेटून पुन्हा निघून गेल्यासारखं वाटतं. सुटं ऐकून हे कसं कळणार?

सातवाव वेचे, मालवण

माका ह्या पटना नाय. ट्रॉलरवर इंजिनाच्या आवाजात तुमचे ते ठोके कोणाक ऐकाक येतले? आमच्याकडे डीप पर्पलचो मशीन हेड होतो, त्यातला हायवे स्टार आणि स्मोक ऑन द वॉटर दोनच, इंजिनाच्या वर चढणारी. पाण्यावर धूर म्हटला की माका पहाटे परत येताना बंदरावर दिसणारो चुलींचो धूर आठवता, मग ता गाणा तिकडे स्वित्झर्लंडात माँत्रोच्या कसिनोक लागलेल्या आगीवर असो नायतर आणि कायव.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मी बंदरवाला यांच्याच पक्षाचा होतो. लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, १९७१, आठ गाणी, आयुष्यभर क्रमानेच ऐकली. शेवटचं व्हेन द लेव्ही ब्रेक्स, ढोल जुन्या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी ठेवून वरून माईक सोडून रेकॉर्ड केलेला, तो घुमणारा आवाज ऐकून मी मित्रांना बोलावून बोलावून ऐकवायचो. मूळ गाणं १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं हे मला ठाऊक होतं, पण नुसतं ठाऊक होतं.

२२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी घरात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर, खालून कपाट आपटल्याचे आवाज येत होते, लाकूड पाण्यावर तरंगून भिंतीवर आपटतं तसे, धप्प आणि मग तो आवाज जिन्यातून वर. पाणी उतरल्यावर कॅसेटी चिखलातून काढल्या, आत गाळ भरलेला. अल्बम आता फोनवर आहे, सात ऐकतो आणि आठवं सुरू व्हायच्या आधी बंद करतो. तेव्हा अल्बम पूर्ण ऐकलाच पाहिजे असं मला आता कोणाला सांगवत नाही.

बंदरवाला, देवगड

भाऊ, तुमचं वाचून बराच वेळ काही टाईप करता आलं नाही. तुम्ही सातच ऐका. माझ्यापुरतं मत तेच आहे, पण "अर्थ नाही" हे शब्द मी मागे घेतो.

डब्यातली ती नव्वदची निघालीये, पण टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय. आज रात्री लावून बघणार आहे.

मांडवीची लाट, रत्नागिरी

दादा थांबा, लावू नका! बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला चिकटेल आणि तीच पुढच्या कॅसेटला लागेल. आधी आठ दिवस कोरड्या हवेत ठेवा, मग पेन्सिलीने सावकाश फिरवत टेप मऊ कोरड्या फडक्यातून घ्या, आणि हेड स्पिरिटने पुसून मगच लावा. उन्हात मात्र ठेवू नका, टेप आखडते.